कापसाच्या गाठींवरून पाहिलेला क्लब

माझं लग्न फुटबॉलमुळं जमलं. किनवटला आमचं किराणा दुकान होतं. थोरला भाऊ दुकानात कमी आणि मैदानावर जास्त असायचा. अंगानं काटकुळा, पण चेंडू त्याच्या पायाशी आला की तो कुणाला सापडायचा नाही. एकदा आदिलाबादचा क्लब आमच्याकडं खेळायला आला, तेव्हा त्यांच्यातल्या एका आडदांड गड्यानं त्याला असं पाडलं की गुडघा सोलून निघाला. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर धावली. तेवढ्यात त्या गड्यानंच भावाला उचलून हौदाजवळ नेलं, जखम धुतली आणि काठावर ठेवलेला स्वतःचा दुपट्टा फाडून बांधला.

संध्याकाळी भाऊ लंगडत घरी आला आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, तुमी हिच्यासाठी पोरगं पाहून राह्यले ना? एक पोरगं भेटलं. मले पाडलं त्यानं, पन पाडून पळाला नाई."

चौकशी झाली. घर माळ्याचं, आदिलाबादला लागून मावला गावाच्या बाजूला भाजीची वाडी, पाण्याची विहीर. वडिलांना पसंत पडलं. देण्याघेण्याची बोलणी निघाली तेव्हा नवरामुलगा खाली मान घालून म्हणाला, "मले आहेर नको. तुमचा पोरगा आमच्या क्लबात खेळू द्या." सगळे हसले. त्याला वाटलं, मागणी हसण्यावारी गेली. पण वडिलांनी दोन्ही दिलं, पोरगी आणि पोरगा. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं आणि राज्य निजामाचं. भाऊ सामन्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचा, आमच्याकडं जेवायचा आणि खेळून परत जायचा. सासरी माहेरचं माणूस एवढ्यांदा दिसावं, असं भाग्य माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नव्हतं.

क्लबाला पाटी नव्हती, खोली नव्हती. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून मोकळं मैदान होतं, दोन बाजूंना बांबूचे खांब, आणि कातड्याचा एक चेंडू. तो चेंडू आमच्या घरात राहायचा. त्याच्या पोटात रबरी फुगा असे. हे सायकलच्या पंपानं हवा भरत, आणि तोंडाची वादी ओढून बांधायला मला बसवत, कारण माझी बोटं बारीक. सासूबाई बघून म्हणायच्या, "वांग्याले पानी कोन देईन? हा बॉल देईन का?" हे पहाटे उठून वांग्यांना पाणी देऊन यायचे, म्हणजे संध्याकाळ मोकळी.

क्लबाचा गोली, म्हणजे गोल राखणारा, तहसीलमधला कारकून होता. मूळचा औरंगाबादचा, उंच, शांत आणि कपड्यांचा फार टापटिपीचा. मैदानावर मात्र मातीत लोळायला मागंपुढं पाहायचा नाही. त्याची बायको आमच्याकडं भाजी घ्यायला यायची. बुरख्याची जाळी वर करून एकेक वांगं दाबून बघायची. एके दिवशी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "भाभी, आपने कभी देखा है, ये लोग वहाँ करते क्या हैं?"

मी पाहिलं नव्हतं. तिनंही नाही. मैदानावर बायकांनी जाऊन बसायची रीत नव्हती. पण जिनिंगच्या चौकीदाराची बायको आमच्याकडूनच मेथी न्यायची. तिनं नवऱ्याला सांगितलं आणि आम्हाला मागच्या फाटकातून आत घेतलं. आत रुईच्या गाठींची रास भिंतीपेक्षा उंच रचलेली. आम्ही दोघी लुगडं-बुरखा सावरत तिच्यावर चढलो, आणि सगळं मैदान एकदम डोळ्यांपुढं आलं. आमची माणसं एवढीएवढीशी दिसत होती. हे घरात इतके हळू बोलणारे, तिथं मात्र दोन्ही हात वर करून ओरडत होते. ती तिच्या नवऱ्याकडं बघत राहिली. तो चेंडू छातीशी धरून कुशीवर पडला तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "या अल्ला, ये कपड़े मुझे धोने हैं," ती म्हणाली, आणि आम्हाला हसू आवरेना.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या केसांतून कापसाचा पुंजका काढला. "कुठं लोळून आली वं?"

मी खरं सांगितलं. त्या पुष्कळ बोलल्या. पण पुढच्या सामन्याच्या दिवशी मी निघाले तेव्हा चपला घालून त्याही दारात उभ्या होत्या. "पाहू तं दे, माह्या पोराले काय याड लागलं," म्हणाल्या. चढताना आम्ही दोघींनी त्यांना ओढून घेतलं.

मग पोलीस ॲक्शनचे दिवस आले. त्याआधी कित्येक महिने आमच्या गल्लीतली दारं संध्याकाळीच लागायची, रझाकारांच्या नावानं पोरं रडायची थांबत. हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं, कचेरीवर तिरंगा चढला, पेढे वाटले गेले. आमची दारं उघडली आणि गोलीच्या, मुसलमानांच्या गल्लीतली लागली. कुठून काय काय ऐकू यायचं. गोली कचेरीत जाऊन येई तेवढंच, बाकी घराबाहेर पडेना. त्याची बायको भाजीला येईनाशी झाली.

सकाळी बाजाराला जाताना टोपली घेऊन हे वाट वाकडी करायचे. त्या दारात भाजी ठेवायची, कडी वाजवायची आणि पुढं निघायचं. असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी कडी वाजवून ते निघाले नाहीत. दार अर्धवट उघडलं. गोलीची दाढी वाढली होती.

"आमच्याकडं गोलीत कोनी नाई," हे म्हणाले. "मी उभा राह्यलो काल. पोरं हसून हसून पडले."

"लोग क्या बोलेंगे, भाई?"

"लोक म्हनतीन, बरं झालं, हा माळी उठला तिथून."

तो हसला नाही. दाराला धरून उभाच राहिला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "जाइए ना. कब तक मेरा मुँह देखते बैठेंगे?" मी आत गेले. ती चुलीपाशी बसली होती, आमचीच वांगी चिरत. मी दुसरी विळी ओढली आणि तिच्याशेजारी बसले.

त्यानंतरचा पहिला सामना मला नीट आठवतो. गोली मैदानावर आला तसा काठावरचा गलबला थांबला. कुणीतरी मागून काहीतरी म्हणालं. गाठींवर आम्हाला शब्द कळले नाहीत, पण त्याच्या बायकोनं बुरख्याची जाळी खाली ओढून घेतली. गोली तिथंच थबकला. माझा भाऊ मधोमध उभा होता, तो चालत मागं आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बांबूंपर्यंत सोडून आला, जसं लग्नात नवरदेवाला बोहल्यापर्यंत नेतात. सगळ्यांनी काही लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. काही जण उठूनही गेले. पण खेळ सुरू झाला, आणि त्यानं एकदा वरच्या वर उडून चेंडू बोटांनी बाहेर ढकलला, तेव्हा जे बसले होते त्यांच्या तोंडून आपसूक "वा!" निघालं.

पुढची वर्षं क्लबाची सोन्याची. गावात दुकानं सामन्याच्या दिवशी लवकर बंद व्हायची. तामसीकडून, भीमपूरकडून शेतकरी बैलगाड्या जुंपून यायचे. जिल्ह्याच्या ढालीसाठी सामने भरू लागले, आणि एका हिवाळ्यात आमचा क्लब शेवटच्या सामन्यात पोचला. समोर पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणीची टीम. त्यांच्या पायांत बूट. आमचे बहुतेक सगळे अनवाणी.

मला तेव्हा दिवस गेलेले. सासूबाई वर चढू देईनात. शेवटी चौकीदारानं खालच्या गाठींच्या पायऱ्या रचून दिल्या आणि सासूबाईंनी एका बाजूनं, गोलीच्या बायकोनं दुसऱ्या बाजूनं धरून मला वर नेलं. "उछलना मत, भाभी," ती सारखी बजावत होती. खाणीवाल्यांच्या बुटांनी ह्यांचा घोटा सुजवला. हे लंगडत खेळले, पण बाजूला झाले नाहीत. खेळ संपत आला तरी गोल कुणाचाच नाही. मग ह्यांनी मागून एक चेंडू इतका लांब मारला की तो उन्हात दिसेनासा झाला. तो खाली आला तेव्हा माझा भाऊ तिथं एकटाच होता.

मी उडी मारली नाही. उडी सासूबाईंनी मारली. "माह्या सुनेचा भाऊ! माह्या सुनेचा भाऊ!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की खालचं सगळं मैदान वर बघायला लागलं. गाठींवर तीन बायका बसल्याचं त्या दिवशी अख्ख्या आदिलाबादला कळलं. संध्याकाळी ढाल आमच्या ओसरीवर होती आणि सासूबाई तिला हळद-कुंकू लावत होत्या. गोलीला त्यांनी पाटावर बसवलं आणि स्वतः वाढलं.

मोठा पोरगा चालायला लागला, धाकटी झाली, आणि बाजारात नवीन बोलणं सुरू झालं. भाषेवरून राज्यं होणार. आपला जिल्हा कुठं जाईल? आमच्या लोकांना वाटायचं महाराष्ट्राकडं, बाजारातले तेलुगू व्यापारी म्हणायचे आंध्राकडं. सकाळी वांगी घेताघेता लोक हमरीतुमरीवर यायचे. शेवटी जिल्हाच फाटला. किनवट गेलं, राजुरा गेलं मुंबई राज्यात, आदिलाबाद इकडं आंध्रात राहिलं. माझं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. गाडी तीच, तेवढ्याच वेळात पोचवणारी, पण आई मला म्हणाली, "आता तू परमुलखात गेली वं."

सरकारी नोकरांचीही वाटणी झाली, त्यात गोलीला मराठवाड्याकडं दिलं होतं. औरंगाबाद त्याचंच गाव, म्हणून घरच्यांना आनंद. पण स्टेशनवर तो ह्यांचा हात सोडेना. त्याच्या बायकोनं मला तिची पानाची डबी दिली. तिला काय द्यावं हे मला सुचलं नव्हतं, म्हणून मी वांग्यांचं बी फडक्यात बांधून आणलं होतं. ती म्हणाली, "वहाँ की मिट्टी में ये स्वाद आएगा?" मी म्हणाले, येईल. गाडी हलली तसा तिनं बुरखा वर केला, सगळ्या स्टेशनासमोर, आणि दिसेनाशी होईपर्यंत तसाच ठेवला.

त्या हिवाळ्यात ढालीचे सामने पुन्हा भरले. भाऊ नेहमीसारखा सकाळच्या गाडीनं आला, जेवला, क्लबाचा सदरा घालून मैदानावर उतरला. समोरच्या टीमनं हरकत घेतली. हा आपल्या जिल्ह्याचा नाही, आपल्या राज्याचाही नाही. पंच शाळेतले मास्तर होते, तेलुगू बोलणारे, भावाला वर्षानुवर्षं ओळखणारे. मी त्या दिवशी गाठींवर नाही, मैदानालगतच्या सरकीच्या गोदामाच्या जिन्यावर होते, म्हणून मला ऐकू आलं. मास्तर हिंदीत म्हणाले, "क्या करूँ, बाबू, नियम ऐसा है."

भावानं वाद घातला नाही. सदरा काढला, घडी केली आणि ह्यांच्या हातात दिला. मग उघड्या अंगावर दुपट्टा घेऊन काठावर लोकांत जाऊन बसला. हे तो सदरा हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. आम्ही हरलो. रात्रीचं जेवण कुणी नीट जेवलं नाही. भाऊ पोराला मांडीवर घेऊन म्हणाला, "कायले तोंड पाडून राह्यले तुमी? मी साळा तं तुमचाच हाय ना अजून?" तेव्हा कुठं हे हसले.

क्लब एका दिवसात मोडला नाही. आमच्यात खेळणारा जिनिंगचा एक फिटर नागपूरला गेला. नव्यानं आलेल्या कारकुनांना क्रिकेट आवडायचं. कुणाची लग्नं झाली, कुणाची गुडघेदुखी सुरू झाली. मैदानाच्या अर्ध्यावर सरकारी गोदाम उठलं. हे मात्र पुष्कळ वर्षं संध्याकाळी जात राहिले, कधी पाच-सहा जणांसाठी, कधी नुसतेच. पोरांच्या शाळेत तेलुगू आली. पोरगा मैदानावर खेळायला जायचा आणि तेलुगूत हाका मारणाऱ्या पोरांचं बोलणं ह्यांना समजावून सांगायचा.

भाऊ भाऊबीजेला न चुकता येतो. औरंगाबादहून एका ईदेनंतर गोलीच्या बायकोकडून पोरीच्या लग्नाचा निरोप आला, आम्ही दोघं गेलो. तिच्या परसात वांगी लागलेली होती. ती म्हणाली, स्वाद वेगळाच आहे, पण वाईट नाही.

तिथून परत आल्यावर थोड्या दिवसांनी हे संध्याकाळी म्हणाले, "अवं, चाल, फिरून येऊ." मला वाटलं वाडीकडं. ते मैदानावर घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी त्या जमिनीवर पाय ठेवला नव्हता. वरून ती कशी हातानं सारवल्यासारखी दिसायची. खाली पाहते तर खड्डे, खडे, बाभळीचे काटे.

"इथं तुमी अनवानी पळत होते?"

"मंग? आमी कुठं खाली पाहत होतो!"

मी चपला काढल्या आणि त्यांच्याबरोबर थोडी चालून पाहिली. चार पावलांतच खडा रुतला. त्यांनी खाली बसून माझ्या तळव्यातला खडा काढला, माझ्याच पदरानं पाय पुसला आणि चपला पायांत घालून दिल्या. कडेला कोणाची तरी पोरं खेळत होती, त्यांनी पाहिलं आणि ती हसली. ह्यांनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. अंधार पडायला लागला होता, घरी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या होत्या, म्हणून आम्ही बाजाराच्या रस्त्यानं निघालो.