साडेनऊची घंटा

त्या वर्षी आमची पलटण कुपवाड्याच्या वरच्या अंगाला, सीमेवर होती. मी नाईक, सेक्शन कमांडर, गाव कसबा बावडा. सेक्शनमध्ये दहा जवान. त्यातला शिपाई शमुवेल शिरोळकडचा, आमच्याच जिल्ह्यातला, म्हणजे तिकडे लांब माझ्या घरचाच.

शमुवेलचे वडील गावातल्या जुन्या चर्चची घंटा वाजवत. दर रविवारी सकाळी साडेनऊला. घंटा झाली की सगळे उपासनेला उभे राहत. शमुवेल पोस्टवरही घड्याळ बघून साडेनऊला टोपी काढायचा आणि एक मिनिट उभा राहायचा. सगळे त्याची चेष्टा करत. मीही करायचो.

"आणि म्हातारा इसरला तर रं?"

"न्हाय इसरायचा, उस्ताद. ताप आला तरी वाजवतोय की."

ऑक्टोबरमधला रविवार होता. सकाळी सहाला गस्तीवर निघालो. नऊ वीसला नाल्यात हॉल्ट दिला. सगळे खडकांच्या आड बसले. आठवडाभर त्या भागात गोळी सुटली नव्हती, म्हणून मी सैल पडलो होतो. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

"उस्ताद, साडेनऊ."

"एकच मिनिट," मी म्हणालो.

तो उठला, टोपी काढून उभा राहिला. समोरच्या झाडीतून एक गोळी आली. एकच.

मी वायरलेस सेटवर बोललो, "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"पार्टी निघाली. जागा सोडू नका. ओव्हर."

पार्टी दहा पाचला पोहोचली. शमुवेल त्याआधीच गेला होता. त्याची टोपी माझ्या हातात होती.

पुढच्या दोन सुट्ट्यांत मी त्याच्या गावी गेलो नाही. घरी कामं आहेत म्हणायचो. खरं तर धीर नव्हता. आपल्या घंटेपायी पोरगा उभा राहिला हे कळलं, तर म्हातारा पुन्हा घंटेच्या दोराला हात लावणार नाही, अशी भीती होती. तिसऱ्या सुट्टीत गेलो. वेळ खोटी सांगायची, हे एसटीतच ठरवलं. घंटा ऐकायला लागू नये म्हणून मुद्दाम मंगळवार धरला.

चर्च उसाच्या फडांमध्ये होतं. काळ्या दगडाचं, आमच्या घराच्या पुढच्या सोप्याहून थोडंच मोठं. पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर कमरेइतकी. म्हातारा आत झाडत होता.

"पावणं, बूट भाईर काढा. देऊळ हाय."

मी नाव सांगितलं. त्याने केरसुणी ठेवली, जाजमावर बसवलं, पाणी दिलं. पत्रांतून त्याला मी माहीत होतो.

"कितीला गेला वो त्यो?"

"अकराला, काका."

तो उठला. बायबलमध्ये घडी करून ठेवलेलं पलटणीच्या सीओ साहेबांचं पत्र त्याने माझ्यापुढे धरलं.

"हितं साडेनऊ लिवलंय की."

मग मी सगळं सांगितलं. माझं 'एकच मिनिट'सुद्धा. सांगताना रडलो.

"हुबा हुता?"

"होय."

"टोपी काढून?"

"होय, काका."

त्याने वर घंटेच्या दोराकडे बघितलं.

"मग ऐकली म्हणायची त्यानं," म्हातारा म्हणाला, आणि डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं.

म्हातारा आता नाही. मी रिटायर होऊन बावड्यात आहे. रविवारी साडेनऊला असेन तिथं टोपी काढून उभा राहतो. एकच मिनिट. शमुवेलला मी तेवढंच दिलं होतं.