न चावणारे बूट

नागपूरच्या दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी पांढुर्ण्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात घागऱ्याला पट्टी लावत होते. “माधुरी गेली,” एवढंच तो म्हणाला. समोरच्या बाईला घागरा उद्या न्या म्हटलं आणि शटर ओढलं... माधुरी माझी धाकटी नणंद. सौसरला तिचा नाचाचा क्लास होता.

कोणत्याही कंपनीचा माल क्लासच्या मुलींनी घेण्याआधी आम्ही दोघी तो तपासायचो. कपडे माझ्याकडे. मी ते उलटे करून शिवण ओढायची, धुवून रंग जातो का पाहायची. नाचाचे बूट तिच्याकडे. ती ते आठवडाभर स्वतः घालून नाचायची आणि बहुतेक जोड नापास करायची. तिनं हो म्हटलं, की मोहगाव-लोधीखेड्याच्या आया पुढं काही विचारत नसत.

यंदा एका नव्या कंपनीचे बूट आले. “वहिनी, कुठंच नाही चावून राहिले,” ती म्हणाली. “असे बूट पहिल्यांदा पाहिले.”

“तुले काही आवडलं, हेच मी पहिल्यांदा पाहून राहिली,” मी म्हटलं.

सगळ्या मुलींनी तेच घेतले आणि थोड्याच दिवसांत लंगडायला लागल्या. मी कपड्यांची मापं घ्यायला क्लासवर गेले, तेव्हा माधुरी त्यांच्यावर चिडली होती. “मी नाचून नाही राहिली का ह्याच बुटांत? नखरे बंद करा.”

एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, तुमच्या मोज्याले रक्त लागलं.”

तिनं बूट काढला. टाच सोलून जखम आत गेली होती, वास येत होता. ती नुसती बघत राहिली, पाय दुसऱ्या कोणाचा असावा तशी... साखरेचा आजार तिला जुनाच. कार्यक्रम आले की गोळ्या राहून जायच्या. पायाला काही लागलेलं कळेनासं कधी झालं, हेही तिला कळलं नव्हतं.

नागपूरच्या दवाखान्यात आधी बोटं काढली, मग गुडघ्याखालचा पाय. तरी विष वर चढलंच. “मले वाटलं वहिनी, शेवटी कोणीतरी चांगले बूट बनवले,” ती म्हणाली. मी चादर नीट केली. मग तिनं क्लासमध्ये फोन लावायला लावला आणि मुलींना एक गोष्ट बजावली.

परवा सौसरला गेले होते. मोठ्या मुली क्लास चालवतात. नवा जोड आला होता. एकीनं घालून नाचायचं, मग बूट काढून दुसरीच्या मांडीवर पाय ठेवायचा. ती टाच, बोटं, तळवा बघते. दुखतं का, हे कोणी विचारत नाही.