थाप्यांची भिंत

नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला लखनौला घेऊन आली आणि आम्ही तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत स्थिरावलो. मी आर्किटेक्ट, पण इथे मला जुने गोठे मोजून त्यांचे नकाशे काढायचं वेड लागलं. शहराच्या वेशीवर, चिनहटच्या पुढे शेतांचे भराभर प्लॉट पडताहेत. जुन्या हवेल्यांचे फोटो सगळेच काढतात, गोठ्याला कोण विचारतो? मी टेप घेऊन निघाले की नवरा विचारतो, "आज कुठल्या म्हशीकडे चहा?"

अशाच एका गोठ्यात गेल्या वर्षी नवरात्रात शिरले. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, शेजारी भुशाची खोली. आतल्या भिंतीवरच्या लिंपणाचे पोपडे सुटले होते आणि खालून हळदीच्या हातांचे जुने ठसे डोकावत होते. त्या घरात नवी सून आली की आधी गाईंच्या भिंतीवर असा हाताचा ठसा, म्हणजे थापा, उमटवायची. मी हरखूनच गेले.

पण दिवाळीनंतर गोठा पाडायचा, असं गोठ्याच्या म्हाताऱ्या मालकिणीच्या, अम्माच्या, मुलाने ठरवलं होतं. तिथे पत्र्याचं गोदाम होणार होतं. अम्माचा जीव त्या गोठ्यात आणि दोन गाईंमध्ये अडकला होता. मी तिची समजूत घातली, "कागज पर तो रहेगा, अम्मा."

"तो कागज पे गइया बाँधेंगे?" म्हातारी फटकन म्हणाली.

आत अंधार होता. मुलगा टॉर्च धरून उभा होता. "इनमें आपका कौन सा है?" मी अम्माला विचारलं. तिने खाली, गव्हाणीजवळचा एक इवलासा पंजा दाखवला. मुलाने टॉर्च तिथे नेला आणि बराच वेळ हलवला नाही. ठशांचे फोटो नीट उजेडात काढायचे म्हणून मी मोठा दिवा घेऊन पुन्हा यायचं ठरवलं.

दिवाळीच्या तोंडावर गेले आणि दारातच माझं डोकं फिरलं. सगळी भिंत शेणामातीने ताजी लिंपलेली! एक थापा दिसेल तर शपथ.

"ये क्या किया अम्मा? सब मिटा दिया!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मेहमान आवें और दीवार गंदी रहे?" ती शांतपणे म्हणाली. "थापे तो हर लिपाई में दबते हैं. भीतर हैं, कहाँ जाएँगे?"

मी मुलाकडे वळले, तो कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. "वैसे भी आप तो गिराने वाले थे," मी चिडून म्हटलं.

"गिराना होता तो तालाब से मिट्टी ढोता, दीदी? गोदाम उधर बनेगा, सड़क की तरफ."

ज्या लिंपणावर मी एवढी भडकले, तेच गोठा वाचल्याची खूण होतं. मला हसूही आलं आणि रडूही.

"फोटो खींचोगी न? रुको." अम्माने गव्हाणीजवळ वाकून ओल्या भिंतीवर हात दाबला. पंजा आता सुरकुतलेला होता, बोटं वाकडी. मुलगाही हात पुढे करू लागला तशी तिने त्याला चापटी मारली. "तेरा नहीं. यहाँ तेरी दुलहिन का लगेगा."

तो लाजला. मी बाहेर येऊन बाजेवर कागद पसरला. अम्माचा थापा मापात काढला आणि त्याच्या शेजारची जागा कोरी सोडली.