लेस लावलेली टोपी

लेटिशिया टारंटला चौतिसावं लागलं, त्या दिवशी लडलो गावातल्या घरात नाश्त्याला दोन अंडी जास्त उकडली होती. आईची दृष्टी गेल्यापासून घरात आलेलं प्रत्येक पत्र लेटी मोठ्यानं वाचून दाखवायची. मनातल्या मनात वाचलेलं आईला खपत नसे.

बाथहून मावसबहीण प्रिसिलाचं पत्र आलं होतं. कागद वाचवायला तिनं पान भरल्यावर ते आडवं धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलं होतं. सरळ ओळींत शुभेच्छा होत्या. आडव्या ओळींत होतं, 'माझ्या शाळेत चित्रकलेची जागा रिकामी आहे. राहायला खोली देईन. उलट टपाली कळव.'

लेटी थबकली.

"का गं, थांबलीस?"

"अक्षर लागत नाहीये, आई."

"पहिल्यापासूनच तिच्या अक्षराला कोंबडीचे पाय. अंदाजानं वाच."

"शाळेतल्या मुलींना खोकला झालाय म्हणे."

"होणारच. खिडक्या उघड्या टाकून झोपवते ती पोरींना."

मग आईनं मांडीवरचं पुडकं पुढे केलं. आत पांढरी टोपी होती, कडेनं लेस लावलेली. लग्नाची आशा सोडलेल्या बायका घालतात तशी. आईनं ती हिवाळाभर नुसत्या स्पर्शानं शिवली होती. तिच्या बोटांना सुईचे व्रण होते.

"आता उघडं डोकं शोभत नाही, बाळ. ये, बांधते."

लेटी गुडघ्यांवर बसली. आईनं चाचपडत हनुवटीखाली गाठ मारली आणि गालावरून हात फिरवला. तो हात लेटीला दूर करवेना.

"आता प्रिसिलाला उत्तर लिही. मी सांगते. 'लेटी माझ्यापाशी सुखात आहे.' लिहिलंस?"

"लिहिलं."

आईचं सांगून झालं. लेटीनं कागद आडवा केला. 'मी येते' लिहावं म्हणून टाक टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. शेवटी एक ओळ लिहिली.

आईचे कान तिखट. "माझं तर संपलं होतं. हे काय लिहिलंस? वाच."

आज पुन्हा खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"जागा दुसऱ्या कुणाला तरी दे."

आईनं कसली जागा ते विचारलं नाही. थोडा वेळ टेबलावर हात फिरवत राहिली, मग लाखेची कांडी सापडली ती लेटीपुढे सरकवली.

"मोहोर लाव. टपालवाला अकराला जातो."

लेटीनं लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली.