चिमट्याची लुकमी

लुकमी म्हणजे मैद्याची चौकोनी, खुसखुशीत पुरी, आत खिमा. जिंतूरला आमच्या शेजारच्या चाची ती करायच्या, आणि दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसायची माझी जुनी खोड. एकदा मी विचारलं, खिम्याच्या लुकमीचा एक कोपरा चिमटीत का दाबता?

"तुज्या आईसाठी गं," चाची म्हणाल्या. "तिच्या बटाट्याच्या लुकमीला चिमटा न्हाई. गफलत नको व्हायला."

आईच्या गळ्यात माळ. घरात अंडंसुद्धा चालत नाही. तरी दर ईदेला ती चाचींकडे, म्हणजे तिच्या आपांकडे, जेवायची. नव्या तेलात पहिला घाणा तिचा निघायचा, मग बाकीच्यांचा. ती इतकी बिनघोर कशी खाते, याचं मला भारी कुतूहल.

पुढे चाचींच्या मुलानं गावाबाहेर शेड टाकली, यंत्रं आणली. घरी नेऊन तळायची गोठवलेली लुकमी पाकिटातून निघाली आणि बघता बघता परभणी, पालमपर्यंत पोचली. पाकिटावरचं नाव कुणी घेत नाही, "चिमट्याची द्या" म्हणतात. यंत्र चिमटा कसं काढतं ते बघायला मी मुद्दाम गेले. साच्यातच तो कोपरा होता. श्रावणात खप बसला तेव्हा बटाट्याची लुकमी आली, ती हिरव्या पाकिटात. साचा मात्र तोच.

मोठ्या शेडच्या उद्घाटनाला आम्ही मायलेकी गेलो. दोन कढया, दोन पराती, सगळं वेगळं ठेवलेलं. पण पाकिटं फेकून दिलेली, आणि कोणत्या परातीत काय, ते वाढणाऱ्याला सांगता येईना. चाचींनी दोन्हीकडचे कोपरे बघितले. सगळे दाबलेले.

"ये क्या किया रे?"

"अम्मी, वही तो अपना ब्रँड है," मुलगा हसला.

चाचींचा चेहरा पार उतरला. आज आई त्यांच्या हातचं न खाता उठली, तर इतक्या वर्षांचं जेवण तुटणार होतं.

"वैनी, तुमाला काय देऊ आता?"

"द्या की काय द्यायचं ते. लय भूक लागलीय," आई म्हणाली.

चाचींनी एका परातीतली लुकमी फोडली. खिमा. हात धुतले, दुसऱ्या परातीतली फोडली. बटाटा. मग त्याच परातीतल्या आणखी चार फोडून बघितल्या, तेव्हा कुठं आईला दिली. आईनं ती मिटक्या मारत संपवली.

परत येताना मला राहवलं नाही. "चिमट्यावरून ओळखता येत नव्हतं आज. भीती न्हाई वाटली तुला?"

"कसला चिमटा?" आई म्हणाली. "आपा देतात, मी खाते."

तिला माहीतच नव्हतं. दर ईदेला तिच्या ताटातले कोपरे मी तपासत आले होते.