वस्तादाचा रिकामा ओटा

तांडापेठेच्या मागच्या गल्लीत त्या काळी कुणाचा पोरगा बिघडला, की आई त्याचा कान धरून त्याला गिरिधर वस्तादाच्या आखाड्यात आणून सोडी. "आता तुमीच पाहा याच्याकडे," एवढं म्हणायचं आणि मागे न बघता निघून जायचं. बिघडायला कारणंही मुबलक होती. स्वातंत्र्य आलं होतं, सूत येत नव्हतं. अर्ध्या घरांतले माग आठवड्यातून चार दिवस मुके. हातात काम नाही, अंगात रग आहे, अशी तरणी पोरं चौकात उभी राहून काय करणार? कुणी गांजा ओढी, कुणी सट्ट्याचे आकडे लावी, आणि ज्याला यातलं काहीच परवडत नसे तो फुकटात मारामाऱ्या करी.

गिरिधर अशा पोरांना सरळ करी. तो स्वतः कोष्टी. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचा, सकाळ-संध्याकाळ आखाडा बघायचा. लग्न केलं नाही. विडी नाही, पान नाही, चहासुद्धा नाही. नागपुरात राहून जो चहा पीत नाही तो एक तर साधू असतो नाही तर आजारी, असं लोक थट्टेनं म्हणत. खरी गोष्ट अशी की तो भ्यालेला होता. ज्यांना हे ठाऊक होतं ते म्हातारेकोतारे त्यावर बोलत नसत.

भीतीचं मूळ एक्कावन्न सालच्या पोळ्यात होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि तिच्याबरोबर गल्लीगल्लीतून बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू, चिंध्या आणि गवताचा पुतळा. महागाईचा करा, काळ्या बाजाराचा करा, वर्षभर ज्यानं छळलं त्याचा करा. वाजतगाजत फिरवा, मनसोक्त शिव्या घाला आणि वेशीबाहेर नेऊन जाळा. इडापिडा गेली, माणसं मोकळी. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण महागाईला बायको नसते आणि तिचं घर आपल्या गल्लीत नसतं, एवढं तरी बडग्या बांधणाऱ्याला कळायला हवं. वीस वर्षांच्या गिरिधरला ते कळलं नाही.

गल्लीच्या टोकाला बाबनराव राहत. जातीचेच. विणकरांच्या सोसायटीचं सूत घरोघर वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस अबोल, बारा महिने हातात छत्री. त्या उन्हाळ्यात सूत यायचं थांबलं आणि गिरिधरच्या बापाचा माग बंद पडला. चौकात बसल्या बसल्या गिरिधर म्हणाला, "सूत येते बे. बाबनराव कामठीले नेऊन इकून राहिला." पाहिलं होतं का कुणी? नाही. पण भुकेल्या गल्लीला पुरावा लागत नाही, नाव लागतं. संध्याकाळपर्यंत ते नाव घरोघर झालं.

बडग्या बाबनरावांचा निघाला. त्यांच्या दोरीवर वाळत घातलेली काळी टोपी गिरिधरनंच चोरून आणली आणि पुतळ्याच्या डोक्यावर चढवली. बगलेत एक फाटकी छत्री खोचली. गल्लीतल्या भैयाजींनी ढोलक गळ्यात अडकवलं, अख्खी गल्ली मागून निघाली आणि वरात बाबनरावांच्या दाराशी येऊन थांबली. ते दारातच बसले होते. आत जातील, कडी लावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते बसून राहिले. गिरिधरनं पायातली चप्पल काढली आणि पुतळ्याच्या तोंडावर पहिला फटका मारला. मग सगळ्यांनीच मारले. गवत उडालं, टोपी चिखलात पडली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि बाबनराव गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला मार खाताना बघत राहिले.

काही दिवसांनी ते बहिणीला भेटून येतो म्हणून कन्हानला गेले. बहिणीकडे पोचलेच नाहीत. नदीच्या काठावर त्यांची छत्री सापडली, पुलाच्या खालच्या अंगाला ते स्वतः. पाय घसरला, असं गल्लीनं ठरवून टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही, बैठक भरली नाही, तरी प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवाळीनंतर गिरिधर एका लग्नासाठी उमरेडला गेला. तिथल्या कोष्टीपुऱ्यात शिरला आणि त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या घरांमधून एकाही मागाचा आवाज येत नाही. "काहून बंद गा?" त्यानं सोयऱ्याला विचारलं. "सूतच नाई. वरूनच येऊन नाई राहिलं," सोयरा म्हणाला, "भंडाऱ्याकडे बी तेच हाल हायत." पंगतीत गिरिधर भरलं पान तसंच ठेवून उठला. वऱ्हाडातल्या कुणीतरी त्याची चेष्टाही केली, की नवरदेवापेक्षा हाच जास्त भ्याला आहे.

परत आल्यावर त्याला बाबनराव दिसू लागले. भरदिवसा. आखाड्यात कडुनिंबाखाली एक ओटा होता. जोर काढता काढता मान वर केली, की त्या ओट्यावर ते गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. बोलत नसत, रागावत नसत. नुसते बघत. गिरिधर मागावर बसे तेव्हा उभ्या धाग्यांच्या पलीकडे ते असत. धोटा इकडून तिकडे गेला की क्षणभर दिसत आणि फणी ठोकली की नाहीसे होत. भगत झाला, अंगारा झाला, कशानं फरक पडला नाही. फरक पडे तो एकाच गोष्टीनं. शरीर दमेपर्यंत राबवलं, एकही मिनिट मोकळं ठेवलं नाही, की ते जरा धूसर होत. म्हणून तो राबला. लोकांना त्यात तपश्चर्या दिसली आणि ते पोरं आणून सोडू लागले.

आखाड्याचे नियम सगळीकडे नावाजलेले होते. आरडाओरडा करायचा नाही. चारजणांनी मिळून कुणाचं नाव घेऊन हसायचं नाही. सांगितलेलं काम कारण न विचारता करायचं. आणि कडुनिंबाखालच्या ओट्यावर कुणी बसायचं नाही. हा शेवटचा नियम वस्तादानं कधी तोंडानं सांगितला नव्हता. तो त्या बाजूला बघत नाही, हे पाहून पोरांनीच बनवला, आणि पुढे ती मारुतीची जागा असेल असं समजून ओट्याला शेंदूर फासला. दर शनिवारी तेल घालू लागले. गिरिधर ते बघे आणि त्याला रडू येई, पण पोरांसमोर रडायचं नाही, हाही एक नियमच होता.

पोरं सुधारली, हे मात्र कुणालाही नाकारता येणार नाही. मधुसूदनचंच घ्या. सतराव्या वर्षी खिशात चाकू घेऊन फिरणारा पोरगा. आखाड्यात आला आणि पाच वर्षांत गल्लीतला सगळ्यात सरळ माणूस झाला. मागावर बसे, बापाला हात देई, दारूच्या वासानंही दूर पळे. वस्तादानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर त्यानं फक्त कोणत्या विहिरीत एवढंच विचारलं असतं. गिरिधरला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान वाटला की त्याच क्षणी ओट्यावरचे ते डोळेही आठवत.

बाबनरावांची बायको तुळजाबाई अजून त्याच घरात राहत होती. लोकांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून देई, त्यावर पोट चाले. गिरिधर तिच्या दारावरून रोज मान खाली घालून जाई. एकोणसाठ सालच्या हनुमान जयंतीला आखाड्यात प्रसाद वाटताना तो तिच्यासमोर आला. तिनं द्रोण घेतला, सगळ्यांच्या देखत नालीत उपडा केला आणि घरी निघून गेली. पोरं खवळली. वस्ताद पुढच्या माणसाला द्रोण देऊ लागला. "पाहा, काय सबर हाय वस्तादची!" मधुसूदन म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिधर मागावर होता. शहराच्या बाजूनं ढोल ऐकू येत होते. गल्लीत मात्र फक्त पावलं वाजत होती, पुष्कळ पावलं, एका लयीत. त्यानं दाराबाहेर डोकं काढलं. त्याची पोरं दोन ओळींत चालली होती. शिव्या नाहीत, हसणं नाही, वाद्य नाही. वस्तादाला गोंगाट आवडत नाही ना! चौघांच्या खांद्यावर बडग्या होता. हिरवं लुगडं, टाकाऊ सुताचे पांढरे केस, गळ्यात कांड्यांची माळ. नागपुरात आजवर इतका गप्प बडग्या कुणी पाहिला नसेल. पोरांना त्यानं शिस्त लावली होती, आणि ती शिस्त आता तुळजाबाईच्या दाराकडे निघाली होती.

तो धावत पोचला तेव्हा ओळी थांबल्या होत्या. तुळजाबाई दारात चरखा घेऊन बसली होती. आत गेली नव्हती.

मधुसूदन पुढे आला. त्यानं दोन्ही हातांनी एक चप्पल गिरिधरपुढे धरली. "वस्ताद, तुमचा अपमान आमी कसा सहन करू? पैली चप्पल तुमची. मंग आमी."

दारादारांत म्हातारी माणसं उभी होती. भैयाजी जवळ सरकले, आता त्यांच्या तोंडात दात उरले नव्हते. "जाऊ दे गा गिरिधर," ते हळूच म्हणाले, "पोरायले घरी पाठव. बाकी काई बोलू नको. जुनं हाय ते."

खरंच, एक शब्द पुरला असता. "परत" म्हटलं असतं तर पोरं निमूट वळली असती आणि कारणही विचारलं नसतं. वस्ताद वस्ताद राहिला असता. आखाडा राहिला असता. आणि पुढच्या पोळ्याला, त्याच्या पुढच्या पोळ्याला, तो नसताना, हीच ओळ दुसऱ्या कुणाच्या दाराशी जाऊन उभी राहिली असती. गिरिधरला ते लख्ख दिसलं.

चप्पल त्यानं घेतली आणि खाली ठेवली. तुळजाबाईपुढे जाऊन उभा राहिला. "काकू, बाबनरावकाकाचा बडग्या म्या बनवला होता. टोपी म्या चोरली होती. पैली चप्पल माहीच होती."

तुळजाबाईनं चरखा थांबवला. "हे मले काहून सांगून राहिला गा? मी काय त्या दिवशी घरात नव्हती?" तिनं हनुवटीनं ओळींकडे दाखवलं. "त्यायले सांग."

गिरिधर वळला. पोरं ताठ उभी होती, हात सरळ, डोळे त्याच्यावर, हुकमाची वाट बघत. आजवर त्यानं त्यांना हुकूमच दिले होते. त्यानं सांगायला सुरुवात केली. चौकात घेतलेलं नाव, कामठीची थाप, चिखलातली टोपी, कन्हानचा पूल, उमरेडचे बंद माग. आवाज फाटत होता, मध्येच तो थांबे आणि कुणी मदत करीत नसे. भैयाजी घरात निघून गेले. कडुनिंबाखाली कोण बसतं तेही त्यानं सांगितलं, तेव्हा मागच्या ओळीतला एकजण मागे सरला.

बोलणं संपलं. पोरं उभीच. "आता काय करायचं, वस्ताद?" कुणीतरी विचारलं.

"मले नका विचारू," तो म्हणाला.

असं त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं. मग एक गेला, मग दोघं, मग ओळच उरली नाही. जाताना वस्तादाच्या पाया कुणी पडलं नाही. मधुसूदन एकटा मागे राहिला. त्यानं बडग्या भिंतीला टेकवला, त्याच्या अंगावरचं लुगडं सोडवून नीट घडी घातली आणि तुळजाबाईच्या पायरीशी जाऊन खाली बसला. "काकू, माफ करा मले," तो म्हणाला.

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि चरखा उचलून उठली.

गिरिधरनं ते ऐकलं. आपण सगळं सांगितलं आणि हे एवढंच म्हणायचं राहिलं, हे त्याच्या ध्यानात आलं. "काकू," म्हणत तो पायरीपर्यंत आला, तोवर आतून कडी लागली होती.