दुसरा राउटर आणि न लागणारं दार

रविवार सकाळ, तुळशीचं लग्न होऊन गेल्यानंतरची, साल दोन हजार अकरा. हजर: मी, नवरा, म्हणजे आमच्या घरातला आयटीवाला, सासूबाई, आणि सासरे, वर्तमानपत्रासह. गैरहजर, पण सगळ्यात महत्त्वाची: अमेरिकेतली नणंद. तिच्यासाठी, खरं तर तिच्या आईसाठी, हा सगळा उद्योग होता.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटची वायर हॉलच्या खिडकीतून येते, म्हणून राउटर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. सासूबाईंची खोली अगदी दुसऱ्या टोकाला. मध्ये स्वयंपाकघर, बाथरूम आणि बिल्डरच्या हातून चुकून दणकट बांधल्या गेलेल्या भिंती. खोलीतून व्हिडिओ कॉल लावला की नणंदेचा चेहरा तोंड अर्धवट उघडं असताना थिजायचा. त्यामुळे दर रविवारी सासूबाई लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसत. त्या लेकीशी बोलत असताना मी फोडणी देत असे, नवरा पोहे खात असे आणि सासरे पेपर वाचत असत. नणंद जरा आवाज खाली आणून काही सांगू लागली की सासूबाई म्हणत, "बरं, ते नंतर." ते नंतर कधी आलंच नाही.

शेवटी एकदा त्यांनी मला सरळ सांगितलं. "मला माझ्या मुलीशी दार लावून बोलायचंय. तिच्या मनात काहीतरी आहे. या टेबलावरून बोलणं म्हणजे आकाशवाणीवरून बातम्या देणं."

"कसब्यातल्या वाड्यात राहत होतो तेव्हा आपण शिंकलो तर तिसऱ्या घरातून आशीर्वाद यायचा," सासरे पेपरामागून म्हणाले. "तेव्हा काही अडलं नाही कुणाचं."

"तुमचं नाही अडलं. तुम्ही बोलतच नव्हता."

मी माझ्या घरकामांच्या यादीत लिहिलं: दुसरा राउटर.

नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे नेटवर्किंग."

"बरं. मग तू खुर्चीवर चढून वायर धर. त्यात दोन्ही नाही."

तर त्या रविवारी पोहे उरकल्यावर मी माहितीपुस्तक उघडलं. पहिल्या फटक्यात घरातलं होतं तेही इंटरनेट गेलं, कारण दोन्ही राउटरचा कंपनीतूनच आलेला पत्ता एक होता. एकाच सोसायटीत दोन दारांवर एकच नंबर लावला तर पोस्टमनने काय करायचं? मी नव्याला वेगळा पत्ता दिला. घरातल्या यंत्रांना नंबर वाटायचं काम जुना करतो, ते नव्याने करायचं नाही, अशी त्याला ताकीद दिली, म्हणजे ती सोय बंद केली. नाव आणि पासवर्ड जुन्याचाच ठेवला, म्हणजे सासूबाईंना काही नवं पाठ करायला नको. नवरा खुर्चीवरून म्हणाला, "मी हेच सांगणार होतो." मी त्याला वायर जरा वर धरायला सांगितलं.

राहिली जुन्या राउटरपासून नव्यापर्यंतची वायर. हॉलमधून पॅसेजच्या कडेकडेने ती खोलीपर्यंत आली आणि दाराशी अडली. भिंतीला भोक पाडायला हवं होतं. "रंग नवा आहे," सासरे म्हणाले. म्हणून तूर्त वायर दारातूनच आत घेतली. मात्र त्यामुळे दार पूर्ण लागेना. बोटभर फट राहू लागली. यादीत लिहिलं: भिंतीला भोक, इलेक्ट्रिशियनला सांगणे.

सासूबाई म्हणाल्या, "बोटभर तर बोटभर." लॅपटॉप घेऊन आत गेल्या आणि दार जमेल तेवढं लोटून घेतलं. कॉल लागला. चेहरा थिजला नाही. आम्ही हॉलमध्ये बसलो आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की रविवारी सकाळी आपल्याकडे एकमेकांशी बोलण्यासारखं काही नसतं.

थोड्या वेळाने आतून सासूबाईंची हाक आली. "अगं, गेलं. सगळं गेलं. आत्ता कुठे ती बोलायला लागली होती."

मी नवा राउटर पाहिला. दिवे लागलेले. वायर पाहिली. नीट. मग हॉलमध्ये आले तर जुना राउटर काळाठिक्कर आणि त्याचं बटण बंद. आमच्या घरात बटणं आपोआप बंद होत नाहीत. खोलीतून निघताना पंखा, दिवा आणि जमलं तर दुसऱ्याच्या खोलीतलाही दिवा बंद करणारे एकच गृहस्थ आहेत.

"बाबा, हा तुम्ही बंद केलात?"

"हो. नवीन आणला ना? मग जुना कशाला जाळायचा?"

मी समजावून सांगितलं. "बाबा, आपल्या गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठून येतं?"

"खालच्या टाकीतून."

"खालची रिकामी केली तर?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "असं आहे होय. मग तसं लिहून लावायला नको?" आणि स्वतःच लिहून चिकटवलं: "हा बंद केल्यास आतला चालत नाही. खात्री करून पाहू नये." घरात ही सूचना फक्त त्यांनाच लागू होती, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं धाडस कोणी केलं नाही.

कॉल परत लागला, पण नणंदेकडे झोपायची वेळ झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी पाहिलं तर सासऱ्यांची खुर्ची पॅसेजमध्ये. "इथे उजेड चांगला येतो," म्हणाले. आमच्या पॅसेजला खिडकी नाही. फोनवर लेकीशी बोलायचे तेव्हा हे गृहस्थ "बरी आहेस ना, थांब, आईला देतो" याच्या पुढे कधी गेले नाहीत. पण टेबलाशी बसून त्यांनी इतकी वर्षं प्रत्येक रविवार ऐकला होता. पेपराचं पान उलटत नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आठवड्याभराने इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला. मी ऑफिसात. संध्याकाळी विचारलं तर सासरे म्हणाले, "परत पाठवला. रंग अजून नीट वाळलेला नाही." रंग गणपतीच्या आधी दिलेला होता. इलेक्ट्रिशियन पुन्हा आला तेव्हा म्हणे त्याचं ड्रिल फार आवाज करत होतं.

सासूबाई काय ते समजल्या. त्यानंतरच्या रविवारी मी पॅसेजमधून जाताना फटीतून ऐकलं. नणंद काहीतरी हळू आवाजात सांगू लागली होती. सासूबाईंनी तिला थांबवलं आणि दाराकडे तोंड करून, चांगलं ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थांब. बाबा बाहेर उजेडात बसलेत. हे आपण भिंतीला भोक पडल्यावर बोलू." मग आवाज बदलून, "आणि काय गं, थंडी पडली का तुमच्याकडे?"

बाहेर पेपराचं पान उलटलं.

यादीतल्या बाकी सगळ्या गोष्टींवर रेघ मारून झाली आहे. भिंतीला भोक, इलेक्ट्रिशियनला सांगणे, एवढं मी दर रविवारी नव्या पानावर उतरवून घेते.